घंटेनंतरची फेरी

"अक्का, त्या दिवशी तुझा नेमका कुठला पाय दुखत होता गं?"

उंबऱ्यात उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीचा, जेरोपचा, हा प्रश्न ऐकला आणि जेलागातनं हातातला चहा खाली ठेवला. अकरा वर्षांनी ही दारात आली होती... आणि आल्या आल्या हे! केरियो दरीतून वर चढलेलं धुकं अंगणात रेंगाळत होतं, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या गाई त्यात अर्ध्या विरघळल्या होत्या, आणि क्षणभर जेलागातला वाटलं, हेही पहाटेचं स्वप्नच असावं.

जेरोप, दहा हजार मीटरची जगज्जेती! आता धावणं सोडून ती नैरोबीच्या वर्तमानपत्रात खेळांवर लिहायची. तिनंच एकदा लिहिलं होतं, 'निवड चाचणीत शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि माझ्या बहिणीनं कच खाल्ली.' जेलागातनं ते शेजारणीकडून वाचून घेतलं होतं आणि ती धार काढायला गेली होती. त्यानंतर दोघींचं बोलणंच तुटलं.

"डावा," ती म्हणाली.

"खोटारडी! गेल्या महिन्यात त्या शर्यतीची चित्रफीत हाती लागली. धरलास डावा, आणि बाहेर पडताना लंगडलीस उजव्यानं!"

जेलागातला हसू फुटलं.

"संघात तिघींनाच घेणार होते. मी तिसरी, तू चौथी. जी राहील तिला म्हाताऱ्या चेरुइयोटची दुसरी बायको करायची, असं बाबांनी ठरवलेलं. तू सतरा वर्षांची होतीस गं... कशी पुढं जाऊ मी?"

"आणि मी तुला भित्री म्हटलं!" जेरोप तिच्या पायांशी कोसळली.

"ऊठ, वेडे. पण हे छापू नकोस हं. लोक तुझ्या पदकांना नावं ठेवतील."

"ठेवू देत! तू मुद्दाम थांबलीस, हे आजच्याच अंकात आलंय."

जेरोपनं पिशवीतून दुधानं भरलेला वाळका, पोकळ भोपळा काढला. जिंकून आलेल्याला वेशीवर पाजतात, तेच, भोपळ्याला आतून कोळशाची पूड चोळून त्यात आंबवलेलं दूध. जेरोपच्या प्रत्येक विजयाला ते जेलागातनं स्वतः विरजून पाठवलं होतं. जेलागातच्या ओठांना मात्र असा भोपळा कुणी कधी लावलाच नव्हता! आज जेरोपनं तो दोन्ही हातांनी पुढं धरला.

जेलागात डोळे मिटून प्यायली. गालांवरून धारा वाहत होत्या.

"कोळशाची पूड कमी पडली गं," ती म्हणाली. "आंबट झालंय."

"पहिल्यांदाच केलंय, अक्का."