वर्गाच्या दारापर्यंत

शाळेच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, लहान वर्गातल्या मुलांना पालकांनी स्वतः वर्गाच्या दारापर्यंत सोडावं आणि वहीत सही करावी. दुसरीवर लिहिलं होतं, तान्ह्या मुलांना आत आणू नये. दोन्ही एकाच हिरव्या रंगात, एकाच हातानं रंगवलेल्या. ज्यानं त्या लिहून घेतल्या त्याला एका बाईला दोन मुलं असू शकतात हे माहीत नसावं. किंवा माहीत असून फरक पडत नसावा. मूल सांभाळायला घरी दुसरं कुणीतरी असलं की माणसाला असल्या पाट्या सुचतात.

तर ती बाळाला गाडीत ठेवायची. तोंड वाकडं करण्याआधी ऐकून घ्या. गाडी फाटकासमोरच्या भिंतीच्या सावलीत. चारही काचा बोटभर खाली. बाळ सात महिन्यांचं, मागच्या सीटवर त्याच्या खुर्चीत, पट्टा लावलेलं, बहुतेक वेळा झोपलेलं. दारं बंद, किल्ली मुठीत. मग सहा वर्षांच्या चिमणीचा हात धरून दोन जिने, सेहेचाळीस पायऱ्या, डावीकडचा तिसरा वर्ग, सही, परत. चार मिनिटं. तिनं घड्याळ लावून मोजली होती. मोजण्यातच तिचा जन्म चालला होता. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, आणि केसाएवढा उंचवटा राहिला तरी म्हाताऱ्या माणसाला घास चावता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका सोमवारी ती परत आली तर बाळाचे मोजे काढलेले होते. एकात एक गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलेले. आपणच काढले असतील, असं तिनं धरलं. सात महिन्यांत सलग तीन तास झोप न मिळालेल्या बाईनं स्वतःच्या हातांची खात्री कशी द्यायची?

बुधवारी नखं कापलेली होती. दहाही बोटांची, गोल, नीट. ती स्वतः कापायची तेव्हा घाईत कोपरे राहायचे.

शुक्रवारी लॅबच्या मागच्या खोलीत तिनं बाळाला छातीशी घेतलं, तर त्यानं तोंड फिरवलं. पोट टम्म होतं. ढेकर आली. दुधाचाच वास, पण तिच्या दुधाचा नव्हे. आईला तो कळतो.

"दात येतायत त्याला," नवरा संध्याकाळी म्हणाला. तो बेकरीत पहाटेपासून राबून आलेला, डोळ्यांच्या पापण्यांवर अजून पीठ. "बघ की, खाली दोन दिसतायत."

"सकाळी नव्हते."

"दात काय आधी कळवून येतात? झोप काढ जरा. चांगलं बाळसं धरलंय पोरानं, तर तुझं तोंड असं."

तिनं वाद घातला नाही. वादाला जोर लागतो.

सोमवारी तिनं लॅबमधल्या मेणाच्या पट्ट्या पर्समध्ये टाकल्या. चिमणीला उतरवण्याआधी एक पट्टी कोमट पाण्यात मऊ करून बाळाच्या तोंडात धरली. त्यानं चावली. खाली दोन खुणा, वर काही नाही. मग ती वर गेली, सही केली, खाली आली आणि दुसरी पट्टी दिली. खाली चार. वर दोन, आणि तिसऱ्याची बारीक चीर.

लॅबमध्ये कामाला बसणाऱ्यांत सगळ्यांत जुन्या माणसाला सगळे काका म्हणायचे. तिनं दोन्ही पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी भिंग लावलं.

"एकाच पोराचे," काका म्हणाले. "खालच्या डाव्या दाताची तिरकी कड बघ, तीच आहे. पण मध्ये तीन-चार महिने गेलेत."

"नक्की?"

"मेण काय माझा मेव्हणा लागतो, त्याची बाजू घ्यायला? कुणाचं पोर हे?"

"माझं."

"मग बरं चाललंय की." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. "बस जरा. पाणी पी."

ती बसली. तिला भीती वाटायला हवी होती. पण ती पट्ट्यांवरच्या खुणाच पुन्हा मोजत होती. चार मिनिटांच्या एका फेरीत कुणीतरी तिच्या बाळाचे चार महिने वाढवून घेतले होते, खाऊ घालून, नखं कापून, मोजे गुंडाळून. एवढंच तिला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, "दादा, पाच मिनिटं गाडीपाशी उभे राहाल? कुणी येतंय का, तेवढं बघा."

ती परत आली तेव्हा तो गाडीपासून चांगलाच लांब उभा होता.

"कुणी आलं?"

"कुणी नाही आलं, ताई. नजर हलवली नाही मी." तो टोपी काढून पुन्हा घालत राहिला. "पण उद्यापासून मला सांगू नका."

"का हो?"

"फाटक सोडता येत नाही मला."

फाटक दहा पावलांवर होतं.

बाळाच्या हनुवटीवर पिवळा, सुकलेला घास चिकटला होता. केस कानांवर आले होते. पट्टा दोन भोकं सैल केलेला. त्यानं आईकडे बघितलं, नवख्या माणसाकडे बघतात तसं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे.

वजन करायला नेलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागच्या वेळी काट्यात घोळ झाला असणार. चिमणी म्हणाली, बाळाला सगळे कपडे आखूड होतात. नवरा नवे कपडे घेऊन आला. प्रत्येकाकडे काही ना काही उत्तर होतं. तिचा पान्हा आटला, त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

गुरुवारी तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि सरळ फाटकातून आत गेली. वॉचमननं पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

बाळानं सेहेचाळीस पायऱ्या हंबरडा फोडला. गाडीच्या दिशेनं दोन्ही हात पसरून. बाटली घेतली नाही. भरवलेलं थुंकलं. शुक्रवारीही तेच. शनिवार-रविवार ते रडून रडून थकलं. नवरा, चिमणी, शेजारीण, सगळ्यांनी चमचा धरून बघितला. ओठ घट्ट मिटलेले. चमच्यानं घशात पाणी सोडलं तेवढंच गेलं. सोमवारी सकाळी ते रडायचंही थांबलं. ओठ सुकलेले, लंगोट कालपासून कोरडा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ताबडतोब दवाखान्यात आणा, सलाईन लावावं लागेल.

तिनं गाडी काढली. चौकात डावीकडे दवाखाना होता. ती सरळ गेली.

भिंतीच्या सावलीत गाडी लावली. काचा बोटभर खाली. पट्टा तपासताना बाळानं पहिल्यांदा डोळे उघडले. तिच्याकडे नाही, शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

"आई, आज बाळ वर नाही येणार?" चिमणीनं विचारलं.

"नाही."

"मग त्याच्यापाशी कोण?"

"चल लवकर. उशीर होतोय."

वर तिनं सही केली. मग गाडी दिसते त्या खिडकीपाशी न जाता ती जिन्यात थांबली. पूर्ण चार मिनिटं. नंतर आणखी चार.

खाली आली तेव्हा बाळाचे गाल लाल होते. लंगोट बदललेला. ते झोपलं होतं, तोंड अर्धवट उघडं, आणि तोंडात दातांची जवळजवळ पूर्ण रांग.

तिनं मेण काढलं नाही.

त्यानंतर ती वर जास्त वेळ थांबू लागली. चिमणीच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायची. भिंतीवरची चित्रं बघायची. दहा मिनिटं, पंधरा. घरी बाळ शांत असायचं. खेळायचं, पण दाराकडे तोंड करून. सकाळी गाडीची किल्ली वाजली की आपणहून उठून उभं राहायचं. नवरा म्हणायचा, किती गुणी आहे बघ.

एका शुक्रवारी ती वीस मिनिटांनी खाली आली. बाळ जागं होतं. मान वळवून शेजारच्या सीटकडे बघत होतं आणि खळखळून हसत होतं. काचेतून हसू ऐकू येत होतं. सीट रिकामी होती.

तिनं किल्ली कुलपाजवळ नेली.

मग खाली घेतली.

बोटाच्या पेरानं तिनं काचेवर दोनदा टकटक केली, शेजाऱ्यांच्या दारावर करतात तशी, आणि एक पाऊल मागे सरून उभी राहिली.

हसू थांबलं. थोडा वेळ गेला.

मग दाराचा खटका आतून वर आला.