कूळ लागू देणार न्हाई

"मॅडम, लवकर या! आडात माणूस पडलाय. जित्ता हाय!" बनुबाई फोनवर ओरडत होती.

फौजदार शिवांजली वडूजमधल्या त्या घरी पोचली, तेव्हा शेजारचा जोतीराम आणि गल्लीतले चारजण तात्याबाला दोराने वर काढत होते. आटपाडीकडचा हा मेंढपाळ बनुबाईच्या परसातल्या खोलीत भाड्याने राहायचा. डोकं फुटलं होतं. रुग्णवाहिकेत चढवताना तो कसाबसा पुटपुटला, "मागनं ढकललं... म्हणला, कूळ लागू देणार न्हाई." मग त्याची शुद्ध गेली.

"कूळ म्हंजे घराणं!" हवालदार नाथाजीने निकाल लावूनही टाकला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. "भावकीचं वैर हाय, मॅडम. आटपाडीला गाडी काढू?"

"थांबा जरा." शिवांजली ओट्यावर बसली. "बनुबाई, तात्याबा तुमचा कोण?"

"भाडेकरू. पर लेकावाणी. मला मूलबाळ न्हाई."

"मग तुमच्यामागं हे घर कुणाचं?"

"ह्या पुतण्याचं, सयाजीचं. कालच साताऱ्यासनं आलाय."

"सयाजीराव, तात्याबाला ओळखता?"

"न्हाई बा. कवा आला, कवा ऱ्हायला, मला काय ठावं?"

एवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तो ऐकून शिवांजली सावकाश म्हणाली, "तात्याबा वाचला. आता कूळकायद्याने हे घर त्याचंच होणार."

जोतीराम हसला. "भाडेकरूचं घर कसं हुईल, मॅडम?"

सयाजी मात्र उसळला. "त्येचं कसं? त्येला येऊन बारा वर्षं कुठं भरल्यात? येत्या आखितीला भरत्यात!"



"कधी आला ते ठाऊक नव्हतं ना?" शिवांजली उठली. "नाथाजी, घराण्याचं कूळ लागत नसतं, लागतं ते जमिनीला. म्हणजे ढकलणारा साध्या भाडेकरूला कूळ समजून घाबरला होता. आणि घराला तात्याबाचं कूळ लागलं तर ते जाणार होतं एकट्या सयाजीरावांचं. म्हणून घर त्याचं होणार असं मी मुद्दाम खोटं बोलले. सयाजीराव, भाडेकरूला खुशाल कूळ म्हणा. कूळकायदा वेगळा. तो अठ्ठेचाळीस सालचा, शेत कसणाऱ्यासाठी केलेला. खोलीचं भाडं भरणाऱ्याला तो बारा काय, चोवीस वर्षांनीही लागला नसता."

सयाजीच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे... मी उगंच..."

बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

"आरं, घराला कूळ लागलं न्हाई रं," ती म्हणाली. "आपल्या कुळाला बट्टा तेवढा लागला."