ग्राबेशचा बोगदा आणि चेक इंजिन

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट लोक हसतात. तरीही सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. ही भर दुपारची आहे. १९६३, नोव्हेंबरची बारा तारीख. सोफियाहून अडीच तासांवरचं ग्राबेश स्टेशन, आणि त्याच्या अलीकडचा बोगदा.

मी झाप्रियान. तेव्हा तीस वर्षांचा ड्रायव्हर, सगळी नोकरी कोळशाच्या इंजिनावर गेलेली. चेकोस्लोव्हाकियाहून विजेचं नवं इंजिन चाचणीला आलं होतं. तीनपैकी एक फेरी जरी नीट झाली तरी ते माझ्या हातात येणार. नाहीतर पुन्हा धूर आणि काजळी.

त्यात एक पेडल होतं. ते दर अर्ध्या मिनिटाला पायानं दाबायचं. नाही दाबलं की घंटी वाजते. तरीही नाही दाबलं, तर ब्रेक आपोआप लागतात. ड्रायव्हर बसल्या जागी मेला तर गाडी थांबावी म्हणून.

"जिवंत कोण, मेलेला कोण, याला बरोबर कळतं," इंजिनाबरोबर आलेला चेक इंजिनिअर लुबोर म्हणाला. "तुमच्या साहेबांपेक्षा हुशार आहे."

पहिली फेरी. बोगद्यात शिरलो. मी पेडल दाबलं.

घंटी वाजली...

पुन्हा दाबलं. जोर लावून दाबलं. घंटी थांबेना. मग ब्रेक लागले आणि अंधारात गाडी उभी राहिली.

लुबोरनं मला उठवलं, स्वतः बसला, एकदा पाय टेकवला. घंटी गप्प.

मी बसलो.

घंटी सुरू...

"झाप्रियान, कधी गेलास रे? कळवायचंस तरी," लुबोर हसला.

मीही हसलो. मागे उभे असलेले मिन्चोकाका मात्र हसले नाहीत. ते आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. मला हाताला धरून त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या पेन्शनला चार महिने उरले होते.

बोगद्याबाहेर पेडल माझं निमूट ऐकायचं. वायरी तपासल्या, ठीक निघाल्या. दुसऱ्या फेरीला बोगद्यात पुन्हा तेच झालं. मी हळूच छातीवर हात ठेवून ठोके पाहिले.

तिसऱ्या फेरीला काकांनी माझा खांदा धरला. "ऊठ. मी बसतो."

"काका, ही फेरी माझी आहे. इंजिन हातचं जाईल."

"जाऊ दे. घरी बायको आठव्या महिन्यात आहे तुझी. उगाच शहाणपणा नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी उठलो.

बोगदा आला. लुबोर मागच्या खोलीत यंत्रांपाशी होता. मी काकांच्या पाठीमागे उभा.

अर्धं मिनिट गेलं... एक मिनिट...

घंटी वाजली नाही.

मला हायसं वाटलं. सहज खाली नजर गेली. काकांचे दोन्ही बूट जमिनीवर होते, पेडलपासून वीतभर लांब.

पेडल खाली गेलं... वर आलं... थोड्या वेळानं पुन्हा खाली गेलं.

"काका?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. गाडी चालवताना ते कधीच बोलत नसत. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

पंचवीस मिनिटांनी ग्राबेशला गाडी बरोबर पाटीपाशी थांबली. काका उठले नाहीत.

डॉक्टर आला. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले. "अर्धा तास तरी झालाय याला जाऊन."

"असं कसं? आत्ताच गाडी थांबवली त्यांनी."

"किती रकिया प्यायलास?" डॉक्टरनं विचारलं.

लुबोरनं नोंदीची पट्टी बाहेर काढली. दर अर्ध्या मिनिटाला पेडल दाबल्याची खूण. एकही चुकलेली नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी अहवालात त्यानं लिहिलं, यंत्रात दोष नाही. खाली मी सही केली.

ते इंजिन अजून त्याच मार्गावर धावतं. मी त्यावर पुन्हा चढलो नाही.

काकांच्या बायकोला, स्तान्काकाकूंना, मी एवढंच सांगितलं की शेवटपर्यंत त्यांनी गाडी नीट आणली. त्यांना अभिमान वाटला. ती जागा कुणाची होती, ते सांगायचं धाडस झालं नाही.

वीस वर्षं झाली. दर वर्षी मृतांच्या शनिवारी काकू काकांच्या थडग्यापाशी उकडलेले गोड गहू वाटतात. मूठभर माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "खा रे. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."

'देव त्यांना क्षमा करो' म्हणायचं आणि खायचं, अशी रीत आहे.

मी म्हणतो. गहू मात्र अजून एकदाही घशाखाली उतरलेले नाहीत.