चार पायऱ्यांचं दही

मानवजातीने आजवर लावलेल्या शोधांत तीन शोध सर्वांत थोर मानले जातात: अग्नी, चाक आणि स्वयंपाकघरातला विचारी यंत्रमानव. यांपैकी तिसरा शोध कराडमधल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, गेले नऊ दिवस एका आजोबांना दही देत नव्हता.

त्याचं नाव बंडोपंत. कंपनीने ठेवलेलं नाव अकरा अंकी होतं, म्हणून दहा वर्षांच्या चार्वीने तो घरी आला त्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं. बंडोपंतांना चार हात होते, आवाज बँकेतल्या साहेबासारखा मऊ होता आणि सांगितलेलं काम ते तंतोतंत करायचे. घरात कुणाला तंतोतंत सांगता येत नसे, एवढीच काय ती अडचण.

आजोबा म्हणजे आईचे वडील, हेमंत इंगवले. घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना दवाखान्याने एक कागद दिला. त्यातली शेवटची ओळ अशी: 'आहारात कमीत कमी प्रक्रिया केलेले पदार्थ द्यावेत.' चार्वीच्या आईने ती चपला घालता घालता मोठ्याने वाचून दाखवली. आई कोयना धरणावर अभियंता होती आणि धरण कुणासाठी थांबत नाही.

"प्रक्रिया म्हणजे नेमकं काय धरायचं?" बंडोपंतांनी विचारलं.

"पदार्थावर जितकं कमी काही करावं लागेल तितकं बरं. आता मला जाऊ दे."

बंडोपंत मोजायला बसले. दही: दूध तापवणं, कोमट करणं, विरजण लावणं, तसंच ठेवून देणं. चार पायऱ्या. ताक: त्यात पाणी घालणं आणि घुसळणं धरून सहा. पनीर: दूध तापवणं, लिंबू पिळणं, गाळणं, दाबून ठेवणं आणि वड्या पाडणं, म्हणजे पाच. तुपाचा आकडा सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. मग त्यांनी बाजारातून 'दुग्धमोहिनी आंबा दही' मागवलं. झाकण ओढणं. एक पायरी.

तेव्हापासून आजोबांना तिन्ही त्रिकाळ दुग्धमोहिनी मिळू लागली. आजोबा एक चमचा खायचे, डबीकडे बघायचे आणि ती बाजूला सारायचे. भाजी-भाकरीची वासना आधीच उडाली होती. एरवी असा माणूस दहीभातावर तरतो, पण दही चार पायऱ्यांवर जाऊन बसलं होतं.

वजन पन्नास किलो दोनशे ग्रॅमवर आलं. सोमवारी डॉक्टरीणबाई घरी येणार होत्या. त्या फोनवर आईला म्हणाल्या, "पन्नासच्या खाली गेले तर महिनाभर पुण्याच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल." चार्वीने ते ऐकलं. शाळेतून येताना खालून वर बघितलं की गॅलरीत आजोबा खुर्चीत बसलेले असायचे आणि तिला काठी उंचावून दाखवायचे. ती खुर्ची रिकामी कशी दिसेल, हे तिने गुरुवारी एकदा डोळे मिटून बघितलं आणि पटकन उघडले.

मग तिला एक कोडं पडलं. आजोबा चौतीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. जन्मभर दूध-दही केलेल्या माणसाला दही का जात नाही?

"आजोबा, तुम्हाला हे आवडत कसं नाही?" तिने विचारलं.

"आवडतं की. मीच केलंय ते."

"म्हणजे?"

"दुग्धमोहिनी माझी आहे. माझं संशोधन. भिंतीवरचं ते मानपत्र त्याचंच." आजोबांनी डबी हातात फिरवली. "माणसाला आपलं लेकरू गोड लागतं, पण ते खायचं नसतं."

"मग बंडोपंतांना सांगितलं का नाही?"

"चौतीस वर्षं लोकांना खायला घातलं. नऊ दिवस माझ्या वाट्याला आलं, तर कुठल्या तोंडानं तक्रार करू?" "चष्मा दे. आणि मागचं बारीक अक्षर वाच."

चार्वीने वाचलं. "दूध, साखर, पाणी, दूध पावडर, सुधारित स्टार्च, पेक्टिन, आम्लता नियंत्रक... आजोबा, हे संपतच नाही."

"सोळा नावं आहेत. आता गंमत बघ. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहायचा, असा नियम आहे. दुसरी कोण?"

"साखर."

"पेक्टिन म्हणजे फळांच्या सालीतून काढलेला, पातळ पदार्थ दाट करणारा पदार्थ. स्टार्चचंही तेच काम. दही आपोआप घट्ट होतं, पण गाडीतून हजार किलोमीटर हादरे खात गेलं की पाणी सोडतं. गिऱ्हाइकाला पाणी नको असतं. म्हणून ही मंडळी नेमली."

"आणि आंबा कुठाय?"

"आंब्याचा वास आहे, चौदाव्या नंबरवर. आंबा आम्ही एकदा आणला होता प्रयोगशाळेत. वास जुळतोय का बघायला. नंतर तो शिपायांनी खाल्ला."

चार्वी हसली. आजोबा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

"साधं दही कसं होतं, सांग बरं."

"विरजण लावून."

"विरजणात लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद (दुधाचं दही करणारे सूक्ष्म जिवाणू) असतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल (दह्याला आंबटपणा देणारा पदार्थ) करतात. आम्ल वाढलं की दुधातली केसीन नावाची प्रथिनं एकमेकांचे हात धरतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी अडकून बसतं. ते झालं दही. आपण काय केलं? चमचाभर विरजण घातलं आणि झोपलो. काम त्यांनी केलं."

"आणि दुग्धमोहिनीत?"

"तिथेही त्यांनीच केलं. मग डबी सहा महिने टिकावी म्हणून आम्ही ते पुन्हा तापवलं आणि त्यांना मारून टाकलं."

हे चार्वीला बरं वाटलं नाही.

"कारखान्यात सव्वीस पायऱ्या होत्या, मानपत्रात तेवढी ही एक लिहिलेली नाही," आजोबा म्हणाले.

ती डबी घेऊन स्वयंपाकघरात गेली. बंडोपंत दोन हातांनी भांडी पुसत होते आणि दोन हातांनी ती लावत होते.

"बंडोपंत, ही एक पायरी नाहीये. कारखान्यातल्या पायऱ्या तुम्ही मोजल्याच नाहीत. आजोबा म्हणतात सव्वीस आहेत."

बंडोपंतांचे चारही हात थांबले. "चार्वीताई, माझ्या डोळ्यांसमोर घडलं तेवढंच मी मोजलं. हा दोष मला मान्य आहे." "मग दूधसुद्धा बाद. पिशवीतल्या दुधावर पाश्चरीकरण झालेलं असतं. सुधारित मोजणीनुसार शून्य पायऱ्यांचा एकच पदार्थ आहे. उद्यापासून साहेबांना थेट म्हशीखाली बसवू. विद्यानगरच्या पलीकडे एक गोठा आहे."

बाहेरून आजोबांचा खोकल्यासारखा आवाज आला. ते काठी टेकत दारापर्यंत आले होते. नऊ दिवसांत ते आपण होऊन पहिल्यांदाच उठले होते.

"पंत, कच्च्या दुधात क्षयाचे, टायफॉइडचे जंतू असू शकतात. पाश्चरीकरण म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवून लगेच थंड करणं. जंतू मरतात, दूध दूधच राहतं. ही पायरी वाईट कशी?"

"मग कुठली पायरी वाईट?" बंडोपंतांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरोखरची अडचण होती.

आजोबांनी चार्वीकडे बघितलं. ती ओट्याला टेकून विचार करत होती.

"पायऱ्या मोजायच्याच नाहीत," ती सावकाश म्हणाली. "पायरीवर काय झालं ते विचारायचं. दह्यात आपण काय घातलं? विरजण. काढलं काय? काहीच नाही. ताकात पाणी घातलं, फार तर मीठ. पनीरमध्ये लिंबू पिळलं आणि पाणी काढलं. हे सगळं आपल्याला इथे ओट्यावर करता येतं. सुधारित स्टार्च मला ओट्यावर करता येईल का?"

"माझ्याच्यानंही व्हायचा नाही," आजोबा म्हणाले. "त्याला कारखानाच लागतो. तिसरा प्रश्न राहिला. कशासाठी केलं? खाणाऱ्याला सोसावं म्हणून, की दुकानात दिसायला बरं आणि टिकायला लांब म्हणून?"

"लोणी-तूप?" बंडोपंतांनी जुनी भीती काढली.

"कृती साधी. पण ते भातावर घ्यायचं, भातासारखं नाही घ्यायचं."

"चीजच्या चौकोनी चकत्या?"

"मागचं अक्षर वाच. दूध, मीठ, विरजण आणि दूध फाडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, एवढंच असलं तर चीज. त्यात पायसीकारक क्षार (स्निग्ध पदार्थ आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार), रंग वगैरे वऱ्हाड असलं तर ती दुग्धमोहिनीची मावसबहीण. विकतचं दहीसुद्धा घे की. फक्त यादीत दूध आणि दह्याचे जिवाणू, एवढेच पाहिजेत."

बंडोपंतांनी हात जोडले, चारही. "नियम बदलला आहे. दही मंजूर. आपल्या घरचं विरजण मात्र मी दवाखान्याचा कागद आला त्याच दिवशी धुऊन टाकलं. त्यात अनोळखी जिवाणूंची मोठी वस्ती आढळली होती."

ते विरजण आजीचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने ते माहेराहून, वाईहून, स्टीलच्या डब्यात आणलं होतं आणि पुढे रोज त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवलं होतं. आजी जाऊन तीन वर्षं झाली, तरी चमचा चुकला नव्हता.

"असू दे," आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले. "दुकानातलं दही आण चमचाभर. त्यानंही लागतं."

ते 'असू दे' चार्वीला ओळखीचं होतं. खुर्ची सोडून पुण्याला जायची वेळ आली असती, तरी ते असंच म्हणाले असते. तिने वाटी उचलली आणि जिना चढली. वरच्या मजल्यावरच्या पल्लवी आजींचं दही महिन्यातून एकदा तरी बिघडायचं आणि त्या खाली येऊन आजीच्या विरजणातलं न्यायच्या.

"आहे ना, तुमचंच आहे. गेल्या महिन्यात नेलं, तेच चाललंय," पल्लवी आजी म्हणाल्या. त्या देवापाशी दिवा लावत होत्या. "पण आत्ता नाही हं देणार. दिवेलागणीला दही देत नाहीत कुणाला. उद्या सकाळी ये."

"आत्ता लावलं तरच सकाळी आजोबांना मिळेल. ते नऊ दिवस जेवले नाहीत धड."

"चार्वी, माझ्या सासूबाईंनी साठ वर्षं पाळलं, मी पाळतेय. घराबाहेर दही द्यायचं नाही म्हणजे नाही." त्यांनी काडेपेटी ठेवली. जरा विचार केला. "पण मी जाऊ नये असं काही कुणी म्हटलेलं नाही."

त्या वाटी पदराखाली घेऊन स्वतः खाली आल्या. बंडोपंतांनी दूध तापवून कोमट करून ठेवलं होतं. पल्लवी आजींनी बोट बुडवून बघितलं, चमचाभर दही घातलं, ढवळलं, उरलेलं परत पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "मी दिलं नाही हं. मी लावलं." बंडोपंतांनी हा फरक नोंदवून घेतला. त्यांना तो लगेच समजला.

सकाळी दही लागलं होतं. सुरीने कापावं असं. आजोबांनी आधी वास घेतला आणि बराच वेळ घेतला. मग मऊ भातात कालवून, मीठ टाकून, वाटीभर संपवलं आणि वाटी पुढे केली.

"आणखी?" चार्वीने विचारलं.

"उद्याचा चमचा काढून ठेवलास का?"

"कालच्या नियमात ते पहिलं कलम आहे," बंडोपंत आतून म्हणाले.

शुक्रवार, शनिवार, रविवार आजोबा दोन्ही वेळा दहीभात जेवले. बंडोपंतांनी तीन प्रश्नांचा नियम सोसायटीतल्या बाकीच्या सात यंत्रमानवांना कळवला. त्यांपैकी दोघांनी आपापल्या घरच्या डब्यांची मागची अक्षरं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मजल्यावर रात्रीच्या जेवणाला उशीर होऊ लागला. हे हळूहळू कराडभर, मग सगळीकडे पसरेल, असं चार्वीला वाटतं. आजोबांनी मानपत्र भिंतीवरून काढलं नाही. फक्त त्याखाली आपल्या हाताने सोळा नावं लिहून लावली.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. काटा पन्नास किलो शंभर ग्रॅमवर थांबला. "जेवायला लागलेत ना? मग घरीच राहू देत," त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी वजन एक्कावन्न भरलं, आणि चार्वी शाळेतून आली तेव्हा गॅलरीतून काठी हलली.

त्या पहिल्या सोमवारी आजोबांच्या खिशात चष्म्याची पितळी डबी होती. तिचं वजन एकशे साठ ग्रॅम आहे.