उदगीरच्या मठातलं तीर्थ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, मला कुणाला पटवायचं नाही. हे माझ्यासोबत घडलंय. १९८३, चैत्र महिना, भरदुपार. जागा, उदगीरच्या अलीकडचा एक मठ.

लातूर जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं. मी नव्या कचेरीत कारकून. गावाकडं टँकर चार दिवसांनी यायचा. आणि आमचे धाकटे बंधू मन्मथ आत्मज्ञान शोधत हिंडत होते.

सहा गुरू झाले. एक मौनी, एक नागवा, एक अर्धापूरचा नुसती केळी खाणारा. एकानंही या येड्याला शहाणं केलं नाही.

सातवा या मठात. मन्मथ म्हणे अन्न सोडून गुरूच्या पायाचं पाणी पिऊन राहिला होता. गुरूचे पाय धुऊन तीर्थ घ्यायची आम्हा लिंगायतांत रीत आहे. पण त्यावर कुणी जगत नाही. पोरगा मरेल, या भीतीनं मी गेलो.

मठाची विहीर कोरडी ठाक.

आवारात चिटपाखरू नाही.

आतून मात्र पाणी ओतल्याचा आवाज येत होता...

मन्मथचा सापळा झाला होता. समोर पाटावर एक म्हातारा, पाय परातीत सोडून.

"चल घरी."

"गुरूला इचार," तो पुटपुटला. "पाय धुवायला एक माणूस लागतो त्यायला."

मला हसू आलं. असल्या ढोंग्यांची मला किळस येते.

"मग मला ठेवा," मी म्हाताऱ्याला म्हणालो. "याला सोडा."

त्यानं परातीतलं पाणी माझ्या तळहातावर घातलं. तीर्थ नाकारत नाहीत. शिवाय घशाला कोरड पडली होती. प्यालो.

गार होतं... आणि चव मातीची.

मन्मथ लगेच उठला. एका टोमण्यात काम झालं म्हणून मी खूश.

उदगीरच्या स्टँडवर हॉटेलवाल्या बसलिंगप्पानं विचारलं, "मठात कोन हाय आता?"

"याचे महाराज."

"महाराज? त्यायला माघातच पुरलं की. आपल्या रीतीनं, बसवून. म्या सोता माती लोटली."

मन्मथ खाली मान घालून भजी खात राहिला.

त्यानं पुन्हा कुठल्या बुवाचं नाव काढलं नाही. दुकान टाकलं, लग्न केलं, अंग धरलं.

बुवाबाजीवर मी आजही थुंकतो. पण दर चैत्रात, भरदुपारी, माझ्या खोलीतली फरशी ओली होते. मधे दोन पावलांएवढी जागा तेवढी कोरडी...

परवा मन्मथ दारात उभा राहून ते बघत होता.

"अण्णा, तू पित होतास तवा म्या अडवलं न्हाई."

माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.