खाटेवरचं सोंग

भुतं रात्री येतात असं मी खूप ठिकाणी वाचलं आहे. ही गोष्ट भर दुपारची आहे, आणि खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी शिरूर कासारला यावं, दगडाबाईला विचारावं. ती अजून आहे.

माझी आई मात्र राहिली नाही.

तिचा शेवटचा साधा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दुष्काळाचं साल होतं, चैत्र लागला होता. ऊसच उभा नव्हता, म्हणून तोडीला गेलेल्या टोळ्या लवकर परतल्या होत्या. गाव माणसांनी भरलेलं आणि पाण्यावाचून रितं. मी बीडला शिकवते, सुटीला घरी आले होते. आईनं टँकरचं पाणी फडक्यानं गाळून माठात भरलं, भाकरी टाकल्या. आणि तव्यासमोर बसल्या बसल्या एकदम छातीवर हात ठेवून म्हणाली,

“छातीत कळ येतीय.”

मी दचकले. ती हसायला लागली.

“उद्याची तालीम हाय.”

माझी आई चंद्रभागाबाई जन्मभर सरकारी उपकेंद्रात नर्स होती. पंचक्रोशी तिला नर्सबाई म्हणायची. ती निवृत्त झाली त्याच सुमारास आमच्या भागातले चेअरमन मोहनराव यांनी साखर कारखान्याच्या माळावर नर्सिंग कॉलेज काढलं. खेड्यापाड्यात नर्सेस नाहीत, ऊसतोडीच्या घरातल्या पोरी शिकून त्या जागा भरतील, असं मोठं भाषण झालं. इमारत झाली. पोरी आल्या. शिकायला दवाखाना लागतो म्हणून खाटाही आल्या.

डॉक्टर आले नाहीत. त्यामुळे पेशंटही आले नाहीत.

मग तपासणीचं पथक येणार असलं की गावातून जीप फिरायची आणि बायांना पेशंट म्हणून घेऊन जायची. प्रत्येकीला एकेक दुखणं वाटून दिलेलं असायचं. कुणाला ताप, कुणाला जुलाब. आईच्या वाट्याला छातीतली कळ आली होती.

तुला हे पटतं का, असं मी विचारलं.

“पटत न्हाई. पण कालेज बंद पडलं तर त्या पोरी कोयत्याला जात्याल. एक दिस पडून ऱ्हायचं. जन्मभर लोकायला खाटंवर निजवलं, आता मला निजवू दे की कुणी.”

तिनं पुन्हा छातीवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. फारच वाईट जमलं होतं.

“आई, तुला सोंग जमत नाही,” मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी जीप परत आली तेव्हा आई मागच्या बाकावर आडवी होती...

तोंडावरून चादर ओढलेली.

मोहनराव स्वतः आले होते. घरी परतताना घेरी आली, वाटेतच गेल्या, म्हणाले. नर्सबाईंनी कॉलेजसाठी देह झिजवला म्हणाले, आणि रुमालानं डोळे पुसले.

दहाव्याला नदी कोरडी होती. टँकरच्या घागरीवर विधी उरकला. तिथं एका मुलीनं मला बाजूला नेलं. शिवकन्या तिचं नाव. कॉलेजात नुकतीच आलेली. तपासणीच्या दिवशी तिला आईच्या खाटेपाशी उभं केलं होतं.

“वाटंत न्हाई गेल्या, ताई. खाटंवर गेल्या.”

ती सांगत गेली. पथक समोर उभं होतं. आई म्हणाली, छातीत कळ येतीय. ठरलं होतं तसंच. पोरी ओढणीत तोंड लपवून हसल्या. आई पुन्हा म्हणाली. मोहनरावांनी वाकून तिच्या कानात सांगितलं, बास नर्सबाई, लई झालं, आणि ते पथकाला घेऊन बाहेर गेले.

आईला घाम फुटला तेव्हा शिवकन्येनं तिचं मनगट धरलं. नाडी सापडेना. शिकवायला तिथं होतं कोण? शेवटी आईनंच तिची बोटं उचलून जागेवर ठेवली.

“हितं. दाबू नकू. नुस्ती ठेव.”

“लागली ताई,” शिवकन्या म्हणाली. “मग... हुकली.”

आणि तिनं हात जोडले. हे कुठं बोलू नका, कालेज बंद झालं तर बाप मला टोळीत घालील.

मी बोलले नाही. आई ज्या पोरींसाठी गेली, त्यांचंच कॉलेज मी कसं मोडू?

वर्ष गेलं. पाऊस त्याही साली झाला नाही. मोहनरावांचा निरोप आला की पुन्हा तपासणी आहे, वॉर्डाला आईचं नाव देतो आहोत, घरचं माणूस पाहिजे. मी का गेले ते नीट सांगता येत नाही. बहुतेक ती खाट बघायला.

दुपार तापलेली. वीज गेलेली. पंखे थांबलेले.

दारावर आईच्या नावाचा रंग अजून ओला होता. आत रांगेनं खाटा, त्यांवर गळ्यापर्यंत चादरी ओढून पडलेल्या बाया. चादरीबाहेर त्यांचे पाय दिसत होते, उसाच्या पाचटानं चिरलेले. खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेवर गावातलीच दगडाबाई होती. शेजारी शिवकन्या. मला तिथंच खुर्ची दिली होती.

ती आईची खाट होती.

पथक आत आलं.

आणि मग मला ऐकू आली... टिकटिक.

भिंतीवर घड्याळ नव्हतं. तसला आवाज आईच्या मनगटी घड्याळाचा यायचा. ते माझ्या घरी पेटीत आहे. बंद.

दाराजवळच्या पहिल्या बाईनं झटकन हात चादरीत ओढला.

मला वाटलं, माशी बसली असेल.

थोड्या वेळानं... दुसरीनं.

मग तिसरीनं. ती आपल्या मनगटाकडे बघत होती.

“कोण हाय गं?” ती पुटपुटली.

तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

टिकटिक एकेक खाट पुढे सरकत होती. प्रत्येक खाटेपाशी थांबत होती, नाडी मोजायला लागतो तेवढाच वेळ. स्पिरिटचा वास आला. कॉलेजात स्पिरिट नव्हतं.

मोहनराव दबक्या आवाजात प्राचार्यांना म्हणाले, “बायांना पिसवा चावल्या का काय आज?”

टिकटिक शेवटच्या खाटेपाशी आली...

दगडाबाईनं हात ओढला नाही.

“छातीत कळ येतीय,” ती म्हणाली.

पथकातल्या एकानं मान डोलावली. मोहनराव खुलले. हृदयाच्या पेशंटकडे आमचं विशेष लक्ष असतं, म्हणाले.

“कळ येतीय,” दगडाबाई पुन्हा म्हणाली. तिच्या कानशिलावरून घाम उशीवर उतरत होता.

शिवकन्येनं तिचं मनगट धरलं. या वेळी तिला नाडी शोधावी लागली नाही. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिनं मोहनरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड मात्र उघडलं नाही.

टिकटिक थांबली.

आणि माझ्या मनगटावर... बोटं टेकली.

गार. त्या उन्हात गार. दाबत नव्हती. नुसती ठेवलेली.

मी शिवकन्येकडे पाहिलं. तिनं हळूच होकाराची मान हलवली. वर्षापूर्वी हात जोडून घातलेली गळ तिनं तेव्हा मागे घेतली.

नंतरचं गावाला माहीत आहे. दगडाबाईला पथकाच्याच गाडीतून बीडला नेलं, ती वाचली. कॉलेजला कुलूप लागलं. शिवकन्या दसऱ्यानंतर टोळीबरोबर गेली. मोहनराव म्हणे दुसऱ्या तालुक्यात जागा बघताहेत.

आणि अजूनही कधी दुपारी वर्गात शिकवताना... मनगट गार पडतं. मी खडू ठेवून उभी राहते. समोर पोरींची रांग असते. आई कुणाची नाडी बघायला आली आहे, मला कळत नाही.

त्या दुपारी मात्र कळलं होतं. मी खुर्चीवरून उठले आणि वर्षभर घशात ठेवलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“ही बाई सोंग करत नाही. माझी आई याच खाटेवर गेली. तीही करत नव्हती. तिला सोंग जमतच नव्हतं.”