सासऱ्यांची डिस्क

ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर जावयानं घरी आणला, चपलांच्या कपाटात बसवला, दोन डिस्क जोडल्या आणि ऐटीत जाहीर केलं, "आता घरातला प्रत्येक व्हिडिओ टीव्हीवर. नुसतं बटण दाबायचं!"

"आणि चपला कुठे? फ्रीजमध्ये?" बायको म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी गेलेले सासरे असते तर म्हणाले असते, "जावईबापू, आधी लेबल लावा." लेबलांचं त्यांना वेडच. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: आत काय, किती उरलंय. 'साखर – अर्धी.' 'खिळे – संपत आले.' जावई मनातल्या मनात हसायचा.

दोन्ही डिस्क सारख्याच काळ्या. लेबल कशाला, लक्षात राहतं की! जावईबापूंनी नवी समजून जुनी पुसली. सासऱ्यांचा एकुलता एक व्हिडिओ तिच्यातच होता.

बायकोला सांगायची छाती होईना. "कॉपी होतंय," म्हणत त्यानं आठवडा ढकलला. कॉपी कसली डोंबलाची! तरी कपाटात दिवा लुकलुकायचा, हात लावला तर दार कोमट. पुसलेली डिस्क रोज थोडी थोडी भरत होती. आकडा चुकत असेल, असं म्हणून त्यानं बघणंच सोडलं.

रविवारी दुपारी सासूबाई चष्मा पुसत सोफ्यावर बसल्या.

"लावा, जावईबापू. आवाज विसरायला लागलेय मी त्यांचा."

'टीव्हीच बिघडला' ही थाप ओठांवर तयार ठेवून त्यानं बटण दाबलं.

सासरे दिसले.

खुर्चीत बसलेले, हाफ स्वेटर, मान खाली घालून काहीतरी लिहिताहेत. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बायकोनं त्याचा हात दाबला. सुटलो बुवा!

मग त्याला खुर्चीमागचे पडदे दिसले. निळे. सोमवारी आणलेले.

"अगं, हे पडदे..."

"गप रे, ऐकू दे."

ऐकू येत होती फक्त पेनाची करकर.

सासऱ्यांनी टोपण लावलं. थेट त्याच्याकडे पाहिलं.

"लावली हो लेबलं."

"हाच!" सासूबाई रडता रडता हसल्या. "हाच आवाज!"

तो उठला. कपाट उघडलं.

दोन्ही डिस्कवर एकेक चिठ्ठी होती, सासऱ्यांच्याच वळणदार अक्षरातली.

'मी – पूर्ण.'

'जावईबापू – संपत आले.'